लहान उद्योजकांचे करनियोजन: मालकी, भागीदारी, एलएलपी की कंपनी, हे कसे ठरवावे

व्यवसाय थोडा स्थिरावला की "आता कंपनी काढा, कर कमी लागेल" हा सल्ला चहूकडून मिळू लागतो. त्यामागे दोन आकडे असतात. व्यक्तीला वरच्या टप्प्यात ३० टक्के कर लागतो आणि कंपनीला २२ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष बहुतेक लहान व्यवसायांच्या बाबतीत चुकीचा ठरतो. कंपनीने कर भरल्यावर उरलेला पैसा मालकाचा नसून कंपनीचा असतो आणि तो घरी आणताना त्यावर पुन्हा कर लागतो. म्हणून करनियोजनाची सुरुवात दरांच्या तक्त्यापासून करू नये. कमावलेला पैसा शेवटी घरी जाणार आहे की धंद्यातच राहणार आहे, या प्रश्नापासून करावी. व्यवसायाचे स्वरूप या उत्तरावरून ठरते.

पुढचे सर्व आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला लागू असलेले आहेत आणि कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ अमलात आला आहे. त्यात कलमांची मांडणी बदलली असून "मागील वर्ष" आणि "आकारणी वर्ष" यांच्या जागी "कर वर्ष" ही एकच संज्ञा आली आहे. त्यामुळे नव्या वर्षाचे कागद तयार करताना जुने क्रमांक तसेच उतरवू नयेत.

पहिली पायरी: तीन आकडे कागदावर आणा

पहिला आकडा म्हणजे मालकाने स्वतःसाठी काही घेण्यापूर्वीचा व्यवसायाचा खरा नफा. दुसरा म्हणजे घर चालवण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, घरकर्जाच्या हप्त्यासाठी आणि वैयक्तिक गुंतवणुकीसाठी वर्षाला लागणारी रक्कम. तिसरा म्हणजे या दोन आकड्यांमधील फरक, म्हणजेच धंद्यात राहू शकणारा पैसा.

दुसरा आकडा अंदाजाने लिहू नये. बहुतेक मालकांच्या चालू खात्यातून विम्याचा हप्ता, शाळेची फी, किराणा आणि प्रवास असे सगळेच खर्च जातात. मागील वर्षाचा खातेउतारा समोर घेऊन प्रत्येक नोंदीपुढे "घर" किंवा "धंदा" असे लिहिले, तर प्रत्यक्ष उचल मनात धरलेल्या रकमेपेक्षा बरीच वेगळी निघू शकते. तिसऱ्या आकड्याबाबतही सावध राहावे. ताळेबंदात दिसणारा नफा अनेकदा उधारीत आणि मालाच्या साठ्यात अडकलेला असतो. मात्र कर त्या नफ्यावर लागतो, तो वसूल होईपर्यंत थांबत नाही.

दुसरी पायरी: अनुमानित कराची योजना लागू होते का ते आधी पाहा

स्वरूप बदलण्याचा विचार करण्यापूर्वी कलम ४४एडी तपासावे, कारण लहान व्यापाऱ्याला मिळणारी सर्वांत मोठी सवलत येथे आहे आणि ती कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढताच हातची जाते. ही योजना निवासी व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब आणि साधी भागीदारी संस्था यांच्यासाठीच आहे. वार्षिक उलाढाल २ कोटी रुपयांपर्यंत असावी. रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर ही मर्यादा ३ कोटी रुपये होते. बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि उरलेल्या रकमेच्या ८ टक्के इतका नफा धरला जातो. सविस्तर हिशेबवह्या आणि कर लेखापरीक्षण यांतूनही सूट मिळते. दलाली किंवा कमिशनचे उत्पन्न आणि एजन्सीचा व्यवसाय यांना मात्र ही योजना लागू होत नाही.

नव्या करप्रणालीच्या दरांसोबत ही योजना पाहिली की तिचे वजन कळते. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. त्यानंतर ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के दर आहे. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल, तर कलम ८७ए खालील ६०,००० रुपयांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. एखाद्या व्यापाऱ्याची २ कोटींची संपूर्ण विक्री बँकेमार्फत असेल, तर ६ टक्क्यांनी त्याचा नफा १२ लाख धरला जातो आणि दुसरे उत्पन्न नसेल तर कर शून्य येतो. अशा व्यापाऱ्याला "कंपनी काढा" असे सांगणे म्हणजे त्याच्यावर कराचा आणि कागदपत्रांचा बोजा विनाकारण लादणे होय.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ६ किंवा ८ टक्के ही किमान पातळी आहे. प्रत्यक्ष नफा त्याहून अधिक असेल तर तो अधिकच दाखवायचा असतो. खात्यात आणि मालमत्तेत वाढ दिसते, पण विवरणपत्रात ६ टक्केच नफा आहे, ही विसंगती पुढे चौकशीला निमंत्रण देते. दुसरी गोष्ट म्हणजे, एकदा या योजनेत येऊन पुढील पाच वर्षांपैकी कोणत्याही वर्षी बाहेर पडल्यास त्यानंतरची पाच वर्षे तिचा लाभ मिळत नाही. त्या काळात एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर हिशेबवह्या आणि लेखापरीक्षणही आवश्यक ठरते.

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, सनदी लेखापाल यांसारख्या विहित व्यवसायांसाठी कलम ४४एडीए आहे. तेथे जमेच्या ५० टक्के उत्पन्न धरले जाते. मर्यादा ५० लाखांची असून रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ती ७५ लाख होते. तेथेही एलएलपीला प्रवेश नाही.

तिसरी पायरी: एकच नफा तीन स्वरूपांत मांडून पाहा

व्यवसाय अनुमानित योजनेच्या पलीकडे गेला असेल, तर खरी तुलना सुरू होते. मालकाने काही घेण्यापूर्वीचा नफा ३० लाख रुपये आहे, सर्वजण नव्या करप्रणालीत आहेत आणि दुसरे कोणतेही उत्पन्न नाही, असे धरू.

एकल मालकीत व्यवसाय आणि मालक वेगळे नसतात. संपूर्ण ३० लाख मालकाचे उत्पन्न ठरते. २४ लाखांपर्यंतचा कर ३ लाख आणि उरलेल्या ६ लाखांवर १ लाख ८० हजार, असा ४ लाख ८० हजार कर होतो. ४ टक्के उपकर धरून तो ४,९९,२०० रुपये होतो. त्यानंतर उरलेला पैसा मालक केव्हाही, कितीही उचलू शकतो.

भागीदारी संस्था आणि एलएलपी यांना सरसकट ३० टक्के दर आहे. उपकरासह तो ३१.२ टक्के होतो आणि उत्पन्न १ कोटीच्या वर गेल्यास करावर १२ टक्के अधिभार (जादा कर) लागतो. हा दर चढा दिसतो म्हणून अनेकजण हे स्वरूप विचारातच घेत नाहीत, पण हिशेब करून पाहावा. दोन भाऊ भागीदार आहेत, दोघेही प्रत्यक्ष काम करतात आणि दोघांचे मिळून २० लाख रुपये भांडवल आहे, असे समजू. भांडवलावर वर्षाला १२ टक्क्यांपर्यंत साधे व्याज वजावटीस पात्र आहे, म्हणजे २,४०,०००. उरलेल्या २७,६०,००० रुपयांच्या पुस्तकी नफ्यावर भागीदारांच्या मेहनतान्याची मर्यादा काढायची. पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यांपैकी जे जास्त असेल ते, आणि उरलेल्या रकमेवर ६० टक्के. म्हणजे ५,४०,००० अधिक १२,९६,०००, एकूण १८,३६,०००. संस्थेकडे करपात्र नफा ९,२४,००० रुपये उरतो आणि त्यावर ३१.२ टक्क्यांनी २,८८,२८८ रुपये कर होतो. प्रत्येक भावाला मेहनताना ९,१८,००० आणि व्याज १,२०,००० मिळून १०,३८,००० रुपयांचे उत्पन्न होते. ते १२ लाखांच्या आत असल्यामुळे वैयक्तिक कर शून्य. संस्थेने कर भरल्यानंतरच्या नफ्यातील वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो, म्हणून तो घरी नेताना पुन्हा कर नाही. अर्थात ३० लाखांवरचा सगळा कर २,८८,२८८ रुपयांवर थांबतो.

आता कंपनी. कंपन्यांना सवलतीचा दर देणारे कलम ११५बीएए स्वीकारल्यास दर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के होतो. मालक-संचालकाने १२,७५,००० रुपये पगार घेतला, तर पगारदाराला मिळणाऱ्या ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर त्याचे उत्पन्न १२ लाख होते आणि कर शून्य येतो. कंपनीकडे १७,२५,००० रुपये उरतात आणि त्यांवर ४,३४,१४८ रुपये कर लागतो. मालकीच्या तुलनेत सुमारे ६५,००० रुपये वाचलेले दिसतात, पण उरलेले १२,९०,८५२ रुपये कंपनीतच राहिले तरच. ते लाभांश म्हणून घरी आणले, तर मालकाचे उत्पन्न २४,९०,८५२ रुपये होते, त्यावर सुमारे ३,४०,३४६ रुपये वैयक्तिक कर लागतो आणि एकूण कर ७,७४,४९४ रुपयांवर जातो. लाभांश वितरण कर एप्रिल २०२० पासून रद्द झाला असून लाभांश भागधारकाच्या हातात त्याच्या दराने करपात्र आहे, त्याचा हा थेट परिणाम आहे. सगळा नफा पगारातच काढला तर कर ४,७५,८०० रुपये येतो, म्हणजे मालकीपेक्षा केवळ २३,४०० रुपये कमी. हा फरक निव्वळ प्रमाणित वजावटीचा आहे आणि कंपनीच्या सक्तीच्या लेखापरीक्षणाचा व वार्षिक पत्रकांचा खर्च तो सहज गिळून टाकतो.

माझे मत या आकड्यांवरून स्पष्ट आहे. नफ्याचा बहुतांश भाग घरी लागत असेल आणि एकटाच मालक असेल, तर मालकी ठेवावी. खरोखर काम करणारे दोन किंवा अधिक जण असतील, तर भागीदारी किंवा एलएलपीचा गांभीर्याने विचार करावा. मोठा नफा वर्षानुवर्षे यंत्रसामग्रीत, साठ्यात किंवा विस्तारात जाणार असेल, किंवा बाहेरचे गुंतवणूकदार येणार असतील, तरच कंपनीचा कमी दर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. नफा १ कोटीचा असेल तर वैयक्तिक कर १० टक्के अधिभारासह २९,५१,५२० रुपये होतो आणि काहीही बाहेर न काढता कंपनीत तो २५,१६,८०० रुपये होतो. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले की व्यक्तीला अधिभार लागू होतो आणि तेथून पुढे पैसा धंद्यातच ठेवणाऱ्यासाठी कंपनीचे पारडे जड होत जाते.

कराशिवाय जबाबदारीचाही प्रश्न आहे. मालकी आणि साध्या भागीदारीत व्यवसायाचे कर्ज मालकाच्या घरापर्यंत येऊ शकते, तर एलएलपी आणि कंपनीत जबाबदारी मर्यादित असते. मात्र लहान कंपनीला कर्ज देताना बँका संचालकांची वैयक्तिक हमी मागतात आणि त्या कर्जापुरती ही मर्यादा कागदावरच राहते. पुरवठादारांची देणी, ग्राहकांचे दावे आणि अपघात यांबाबतीत मात्र ती खरी असते. जोखमीचे काम असेल तर थोडा जास्त कर भरूनही हे संरक्षण घ्यावे.

चौथी पायरी: भागीदारीचा करारनामा नीट लिहा

वरच्या उदाहरणातील १८,३६,००० रुपयांची वजावट करारनाम्यावर टेकलेली आहे. कलम ४०(बी) नुसार मेहनताना आणि व्याज करारनाम्याने मंजूर केलेले असावे लागते आणि ते करारनाम्याच्या तारखेनंतरच्या काळाचेच असावे लागते. "भागीदार आपसांत ठरवतील तो मेहनताना" अशी मोघम ओळ पुरेशी नसते. रक्कम किंवा ती काढण्याची पद्धत करारनाम्यात लिहिलेली असावी, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९६ मध्येच परिपत्रकाने सांगितले आहे.

जुन्या संस्थांनी एक गोष्ट आजच तपासावी. २०२४-२५ या वर्षापासून मेहनतान्याची मर्यादा वाढली. पूर्वी पहिल्या ३ लाखांवर ९० टक्के किंवा दीड लाख असे सूत्र होते. ज्या करारनाम्यात हे जुने आकडेच उतरवले आहेत, त्या संस्थेला कायदा बदलूनही जुन्याच मर्यादेत राहावे लागते. आपल्या उदाहरणात त्यामुळे ९०,००० रुपयांची वजावट कमी होईल आणि २८,०८० रुपये कर विनाकारण भरावा लागेल. "आयकर कायद्यात वेळोवेळी अनुज्ञेय असलेल्या कमाल मर्यादेइतका मेहनताना, अमुक प्रमाणात" अशी शब्दरचना करून पुरवणी करारनामा केला, की हा प्रश्न सुटतो.

१ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी लागू आहे. भागीदाराला वर्षभरात दिलेला पगार, मेहनताना, कमिशन, बोनस आणि व्याज मिळून २०,००० रुपयांच्या वर गेल्यास संस्थेने १० टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा कर) कापायचा असतो. रक्कम हातात न देता भांडवल खात्यात जमा केली, तरी कपात करावी लागते. वरच्या प्रत्येक भावाचे १,०३,८०० रुपये असे कापले जातील आणि कर शून्य असल्याने विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील. तोवर ती रक्कम अडकते, हे रोकड नियोजनात धरावे. नफ्यातील वाटा आणि भांडवलाची परतफेड यांवर ही कपात नाही.

पती-पत्नीने भागीदारी करताना अधिक काळजी घ्यावी. ज्या संस्थेत एका जोडीदाराचा, नातेवाइकांसह, २० टक्के किंवा अधिक हिस्सा आहे, तिच्याकडून दुसऱ्याला मिळालेला मेहनताना कलम ६४ खाली पहिल्याच्या उत्पन्नात मिळवला जाऊ शकतो. मिळणारे उत्पन्न हे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेमुळे आणि त्या ज्ञानाच्या वापरातूनच मिळते, हे दाखवता आले तरच अपवाद लागू होतो. हाच नियम कंपनीतील पगारालाही लागू आहे. पत्नी प्रत्यक्षात हिशेब किंवा उत्पादन सांभाळत असेल, तर तिची पात्रता, कामाचे स्वरूप आणि निर्णयांतील सहभाग यांची नोंद ठेवावी. केवळ कर वाचवण्यासाठी नाव घालू नये.

पाचवी पायरी: कंपनीतून पैसा बाहेर काढण्याचे मार्ग आधी ठरवा

मालकीची सवय असलेला माणूस कंपनीचा संचालक झाल्यावर पहिली अडचण येथेच येते. घराच्या बुकिंगसाठी कंपनीच्या खात्यातून १० लाख रुपये उचलले आणि हिशेबात "संचालकांना दिलेली रक्कम" म्हणून दाखवले, की ते कर्ज ठरते. मतदानाचा १० टक्के किंवा अधिक हक्क असलेल्या भागधारकाला मोजक्या भागधारकांच्या कंपनीने दिलेले कर्ज, कंपनीच्या संचित नफ्याच्या मर्यादेत, कलम २(२२)(ई) नुसार लाभांश मानले जाते. त्याच वर्षी रक्कम परत केली तरी ते लाभांशच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे पैसा परत जातो आणि कर मात्र लागतोच. कंपनी काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी हा नियम समजून घ्यावा.

पैसा काढण्याचे सरळ मार्ग आहेत आणि ते वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचे असतात. संचालकाचा पगार ठरावाने निश्चित करून दरमहा टीडीएससह द्यावा. नव्या प्रणालीतही मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीने संचालकाच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरलेली रक्कम त्याच्या उत्पन्नातून वजा होते. ही सोय एकल मालकाला नाही. व्यवसायाची जागा संचालकाच्या वैयक्तिक नावावर असेल, तर बाजारभावाने भाडे घ्यावे. कंपनीला ते खर्च म्हणून मिळते आणि घेणाऱ्याला घरमालमत्ता उत्पन्नात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. संचालकाने स्वतःचा पैसा कंपनीला कर्जाऊ दिला असेल, तर वाजवी दराने व्याज घ्यावे आणि मुद्दल केव्हाही करमुक्त परत घ्यावे. म्हणूनच लहान कंपनीत सगळा पैसा भागभांडवल म्हणून घालू नये. थोडे भांडवल आणि उरलेले संचालकाचे कर्ज, अशी रचना पैसा परत काढताना फार सोयीची पडते. भाडे, पगार आणि व्याज बाजारभावापेक्षा अवाजवी असतील, तर जादा भाग कलम ४०ए(२) खाली नाकारला जातो.

कलम ११५बीएए स्वीकारण्यासाठी विवरणपत्राच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयसी भरावा लागतो. तो राहून गेला तर त्या वर्षी सवलतीचा दर मिळत नाही, आणि एकदा स्वीकारल्यावर मागे फिरता येत नाही.

सहावी पायरी: वजावट गमावणारे खर्च वर्षअखेरीपूर्वी शोधा

कोणतेही स्वरूप निवडले, तरी खर्च झालेला असून वजावट न मिळण्याचे प्रसंग सारखेच असतात. जे अनुमानित योजनेत नाहीत, त्या सर्वांनी फेब्रुवारीत पुढील तपासणी करावी.

सर्वांत महत्त्वाचे कलम ४३बी(एच). उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून वा सेवा पुरवठादाराकडून घेतलेल्या मालाचे बिल लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. ही मुदत उलटून गेलेली रक्कम ३१ मार्चला थकीत असेल, तर त्या वर्षी वजावट मिळत नाही. ती प्रत्यक्ष पैसे देण्याच्या वर्षी मिळते. कंपनीकडे असे ५ लाख थकले, तर न झालेल्या नफ्यावर सव्वा लाखाच्या आसपास कर आधी भरावा लागतो. उशिराचे व्याज बँक दराच्या तिप्पट असून तेही खर्च म्हणून मान्य होत नाही. निव्वळ व्यापारी म्हणून नोंदणी असलेले आणि मध्यम उद्योग या तरतुदीत येत नाहीत, म्हणून प्रत्येक पुरवठादाराचे उद्यम प्रमाणपत्र मागवून यादी तयार ठेवावी आणि खरेदी आदेशावर ४५ दिवसांची अट लेखी घ्यावी.

एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेला खर्च नाकारला जातो. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. टीडीएस न कापल्यास निवासी व्यक्तीला दिलेल्या रकमेचा ३० टक्के भाग नाकारला जातो. कामगारांच्या पगारातून कापलेला भविष्यनिधीचा (पीएफचा) हिस्सा ठरलेल्या तारखेला न भरल्यास, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२२ च्या निकालानंतर, ती वजावट कायमची जाते. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी एका दिवसाच्या उशिरालाही माफी नाही. नवी यंत्रसामग्री घेऊन ती वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. त्यामुळे मार्चअखेर घाईने यंत्र घेण्याचा कराच्या दृष्टीने फायदा लोक समजतात तितका नसतो.

उलट, एक वजावट अनेकजण सोडून देतात. कर लेखापरीक्षण होणाऱ्या व्यवसायाने कर्मचारीसंख्या वाढवली, तर दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, भविष्यनिधीत सहभागी आणि वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या नव्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षे मिळते. कलम ८०जेजेएए नव्या प्रणालीत आणि ११५बीएए मध्येही चालते. दरमहा २०,००० रुपयांवर पाच माणसे घेतली, तर वर्षाला ३,६०,००० रुपयांची वजावट आणि कंपनीच्या दराने सुमारे ९०,६०० रुपयांची बचत होते.

सातवी पायरी: तारखा

आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च रोजी अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के असे भरायचे असतात. अनुमानित योजनेतील करदाता १५ मार्चपर्यंत एकदम भरू शकतो. उशीर झाल्यास दरमहा १ टक्का व्याज लागते आणि ते खर्च म्हणून वजा होत नाही. जुनी प्रणाली हवी असलेल्या व्यावसायिकाने मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला एकदा नव्या प्रणालीत परतल्यावर पुन्हा जुनीत जाता येत नाही, म्हणून हा निर्णय एका वर्षाच्या फायद्यावर घेऊ नये. तोट्याच्या वर्षात विवरणपत्र मुदतीतच भरावे, कारण उशिरा भरल्यास व्यवसायाचा तोटा पुढील आठ वर्षे ओढण्याचा हक्क जातो.

आठवी पायरी: स्वरूप बदलायचेच असेल तर

मालकीचे रूपांतर कंपनीत करताना भांडवली नफ्यावरचा कर टाळता येतो. त्यासाठी कलम ४७ मधील अटी पाळाव्या लागतात. व्यवसायाची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी कंपनीकडे जावीत, मोबदला फक्त शेअर्सच्या रूपात मिळावा आणि मालकाचा मतदानाचा हक्क किमान ५० टक्के राहून तो पाच वर्षे टिकावा. पाच वर्षांच्या आत हिस्सा ५० टक्क्यांखाली गेला, तर माफ झालेला कर परत अंगावर येतो. म्हणून दोन-तीन वर्षांत गुंतवणूकदाराला मोठा हिस्सा द्यायचा बेत असेल, तर या मार्गाने जाण्यापूर्वी हिशेब करावा. जागा किंवा जमीन नावावर असेल तर मुद्रांक शुल्काचा विचार वेगळा करावा. बहुतेक वेळा जागा वैयक्तिक नावावर ठेवून कंपनीला भाड्याने देणेच शहाणपणाचे ठरते. रूपांतर १ एप्रिलला केले, तर एका वर्षाचे दोन हिशेब करावे लागत नाहीत. जीएसटीची नवी नोंदणी घेऊन शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) फॉर्म आयटीसी-०२ ने हस्तांतरित करावे, आणि हे जुनी नोंदणी रद्द करण्यापूर्वी करावे.

परतीचा रस्ता मात्र अरुंद आहे. कंपनीचे रूपांतर एलएलपीत करमुक्तपणे करायचे, तर मागील तिन्ही वर्षांत उलाढाल ६० लाखांच्या आत आणि मालमत्ता ५ कोटींच्या आत असावी लागते. बरी चाललेली कोणतीही कंपनी ही अट ओलांडून गेलेली असते. शिवाय कंपनीला उलाढाल कितीही असो, दरवर्षी लेखापरीक्षण आणि वार्षिक पत्रके अनिवार्य आहेत. एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेल्यावरच लेखापरीक्षण लागते, पण फॉर्म ११ (वार्षिक पत्रक) ची ३० मे आणि फॉर्म ८ (हिशेबाचे पत्रक) ची ३० ऑक्टोबर ही तारीख चुकली की विलंब शुल्क उशिराच्या कालावधीनुसार वाढत जाते. म्हणून सीएकडे जाताना "कोणत्या स्वरूपात कर कमी लागेल" एवढेच विचारू नये. पहिल्या पायरीतील तीन आकडे समोर ठेवावेत, पुढील पाच वर्षांत घरी किती पैसा लागणार आहे आणि हिस्सा कोणाला द्यायचा आहे हे सांगावे, आणि प्रत्येक स्वरूपात घरापर्यंत पोहोचणाऱ्या रुपयाचा हिशेब लेखी मागावा.